हातमोज्यांतले हात आणि उचल्याची बोटे

‘फिंगरस्मिथ’ हा लंडनच्या चोरबोलीतला जुना शब्द आहे. बोटांच्या कसबावर जगणारा तो फिंगरस्मिथ. त्याचा मराठी प्रतिशब्द शोधायला आपल्याला शब्दकोश उघडावा लागत नाही. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला जे नाव दिले, ‘उचल्या’, तोच तो शब्द. सारा वॉटर्स या वेल्समध्ये जन्मलेल्या लेखिकेची ‘फिंगरस्मिथ’ ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली. बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचे नाव होते आणि ऐतिहासिक गुन्हेकथेसाठी दिला जाणारा ‘एलिस पीटर्स डॅगर’ हा पुरस्कार तिला मिळाला. दोन तरुण स्त्रिया एकमेकींच्या प्रेमात पडतात. हे प्रेम शरीराचेही आहे आणि लेखिकेने ते झाकून ठेवलेले नाही. भोवती कट आहे, कैद आहे, खून आहे, फाशी आहे. एकदा हातात घेतली की रात्र जागवणारी अशी ही कादंबरी आहे.

अशा कादंबरीची चर्चा या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्ते मित्र विचारतील. पाण्यासाठी, जमिनीसाठी, नोकरीसाठी भांडणाऱ्या माणसांपुढे दोन बायकांच्या शय्यागृहाची कथा ठेवणे म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, असे त्यांना वाटेल. या आक्षेपाचे उत्तर बाबासाहेबांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे असे दाखवले. त्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची योजना झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे कोणी कोणाच्या अंथरुणात जावे यावर पहारा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सोनईला २०१३ साली आणि खर्ड्याला २०१४ साली जी तरुण पोरे मारली गेली, ती प्रेमाच्या संशयावरूनच मारली गेली. अशा देशात प्रेमाला चोचला म्हणणे परवडणारे नाही. दोन स्त्रियांचे प्रेम तर या पहाऱ्याच्या हिशेबातच बसत नाही. त्या प्रेमातून ना वंश चालतो, ना कूळ, ना जात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाच्या गुन्ह्यातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना मुक्त केले. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. पहारा कुठे बसला आहे हे यावरून दिसते.

आता कथानक. रहस्यकथेचे रहस्य फोडू नये असा शिष्टाचार आहे, पण तो पाळून या कादंबरीची समीक्षा करता येणार नाही. ज्यांना आधी कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथे थांबावे.

काळ १८६२ चा. लंडनच्या बरो भागात लँट स्ट्रीटवर मिसेस सक्सबी ही बाई लोकांची नकोशी झालेली तान्ही पोरे पैसे घेऊन सांभाळते. तिच्या घरात मिस्टर इब्स चोरीचा माल घेतो आणि वितळवतो. तिथे वाढलेली सू ट्रिंडर ही सतरा वर्षांची पोरकी मुलगी. आपली आई खुनी होती आणि ती फासावर गेली, असे तिला सांगण्यात आलेले आहे. ‘जंटलमन’ या नावाने वावरणारा एक भामटा तिला एका कटात घेतो. ब्रायर नावाच्या खेड्यातल्या वाड्यात मॉड लिली ही मुलगी आपल्या मामाजवळ राहते. लग्न झाले तर मोठी मालमत्ता तिच्या नावे होणार आहे. सूने तिची दासी व्हायचे, तिचे मन जंटलमनकडे वळवायचे, लग्न लागले की तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचे आणि पैसा वाटून घ्यायचा. पण वाड्यात गेलेली सू मॉडच्याच प्रेमात पडते. तरी ती कट सोडत नाही. आणि इस्पितळाच्या दारात गाडी थांबते तेव्हा डॉक्टर जिला धरून आत नेतात ती मॉड नसते, सू असते. मॉड आणि जंटलमन यांचा दुसराच कट सुरुवातीपासून चाललेला होता. इथे पहिला भाग संपतो. दुसरा भाग हीच सारी हकीकत मॉडच्या तोंडून सांगतो. तिसऱ्यात पुन्हा सू बोलू लागते.

या कादंबरीतले रहस्य अंधाऱ्या जिन्यांतून आणि खिडकीच्या करकरण्यातून आलेले नाही. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यातून ते निघाले आहे. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेविषयीचे कायदे तिथे १८७० आणि १८८२ साली झाले. त्याआधी बायकोचा पैसा लग्नाबरोबर नवऱ्याच्या हाती जात असे. दोन डॉक्टरांचे दाखले मिळवले की नवरा बायकोला वेडी ठरवून कोंडू शकत असे. जंटलमनला पिस्तूल लागत नाही. एक भटजी आणि दोन डॉक्टर पुरतात. गंमत अशी की ज्या १८६२ साली ही कथा घडते, त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून आपल्याकडे भारतीय दंड संहिता लागू झाली आणि तिच्यातून ३७७ कलम आले. एकच राज्यसत्ता एका हाताने तिथल्या बाईला कोंडत होती आणि दुसऱ्या हाताने इथल्या प्रेमाला गुन्हा ठरवत होती.

पण कादंबरीचा खरा स्फोट पुढे आहे. मॉड ही लिली घराण्याची मुलगी नव्हेच. ती मिसेस सक्सबीची मुलगी. आणि ‘खुनी बाईची पोर’ म्हणून चोरांत वाढलेली सू ही लिली घराण्यातल्या बाईची मुलगी. घरातून पळून आलेल्या त्या बाईने आपली मुलगी घराण्याच्या हाती लागू नये म्हणून दोन तान्ह्या मुलींची अदलाबदल करवली होती.

अदलाबदल झालेल्या मुलांची कथा नवी नाही. डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट अनाथालयात आणि चोरांत वाढतो, तरी त्याची भाषा सभ्य राहते, मन निर्मळ राहते. कारण त्याचे रक्त ‘चांगल्या घरचे’ असते. लहानपणी सूला त्या कथेचे नाटक पाहायला नेले होते, हा प्रसंग वॉटर्सने कादंबरीच्या आरंभीच घातला आहे. तो उगाच घातलेला नाही. आपल्याला यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्ण आपल्या पराक्रमाने मोठा होतो आणि महाभारत शेवटी सांगते की तो मुळात क्षत्रिय होता, सूर्याचा आणि कुंतीचा पुत्र होता. कवचकुंडले जन्मापासूनच त्याच्या अंगावर होती. म्हणजे सारथ्याच्या घरात वाढलेल्या पोराच्या गुणाचे श्रेयसुद्धा सारथ्याच्या घराला मिळू द्यायचे नाही. ज्यांनी कर्णाला ‘आपला’ म्हणून डोक्यावर घेतले त्यांनी हा डाव नीट पाहावा.

वॉटर्सने कवचकुंडले कोणालाच दिलेली नाहीत. उच्च कुळात जन्मलेली सू अडाणी आहे, रांगडी आहे, कुलपे उघडण्यात वाकबगार आहे. चोराच्या बाजारात जन्मलेली मॉड नाजूक बोलते, लॅटिन शिकते, हातात सदैव पांढरे हातमोजे घालते. रक्त कुठेच वर उसळून येत नाही. ज्याला आपण कुलीन म्हणतो तो संस्कार असतो, ज्याला गुन्हेगार म्हणतो ती परिस्थिती असते, हे कादंबरी व्याख्यान न देता दोन मुलींच्या हातांवरून दाखवते. हीच गोष्ट त्या काळच्या इंग्रज राज्यकर्त्यांना मान्य नव्हती. १८७१ साली त्यांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कागदावरून पुसला गेला. पोलिसांच्या डोक्यातून तो पुसला गेला नाही, हे पारधी वस्तीवर जाऊन आलेल्या कार्यकर्त्याला सांगायला नको.

ब्रायरच्या वाड्यातले ग्रंथालय हा या कादंबरीचा गाभा आहे. मॉडचा मामा आयुष्यभर एकच काम करतो आहे: कामोत्तेजक पुस्तकांची बृहत्सूची. या पात्रामागे हेन्री स्पेन्सर अॅशबी हा खरा माणूस आहे. त्याने टोपणनावाने अशा पुस्तकांच्या सूचीचे तीन खंड १८७७ ते १८८५ या काळात छापले आणि त्याचा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. या सूचीसाठी मामाला लेखनिक हवा, म्हणून तो भाचीला वाढवतो. पुस्तकांना डाग पडू नयेत म्हणून तिने हातमोजे घालायचे. सभ्य गृहस्थ जेवायला आले की त्यांच्यापुढे ती पुस्तके तिने मोठ्याने वाचून दाखवायची. शब्द पुरुषांचे, वासना पुरुषांची, तोंड मात्र मुलीचे. तमाशाच्या फडात नाचणाऱ्या बाईच्या तोंडी कोणाचे शब्द होते, समोर कोण बसले होते आणि बदनामी कोणाच्या वाट्याला आली, याचा विचार ज्यांनी केला आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

त्या ग्रंथालयाच्या जमिनीत पितळेचा एक हात बसवला आहे. त्याचे बोट एका रेषेकडे दाखवते. त्या रेषेपलीकडे नोकराने पाऊल टाकायचे नाही, कारण सामान्य माणसाची नजर या दुर्मीळ ग्रंथांना सोसत नाही. सू चुकून तिकडे जाते तेव्हा म्हातारा किंचाळतो. इंग्रज समीक्षक या पितळी बोटाकडे गूढ वातावरणाची एक वस्तू म्हणून पाहतील. आपल्याला ती रेषा ओळखीची आहे. फरक एवढाच की आपल्याकडे रेषेपलीकडे वेद होते आणि इथे रेषेपलीकडे चावट पुस्तके आहेत. राखण मात्र तेवढीच कडक. अश्लीलतेचा प्रश्न इथे उघडा पडतो. तीच गोष्ट अभिजनांनी चामड्याच्या बांधणीत ठेवली की ‘संग्रह’ होतो, आणि खालच्या माणसाने आपल्या भाषेत सांगितली की अश्लील ठरते. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा नाकाला रुमाल लावणाऱ्यांच्या घरी संस्कृत शृंगारकाव्ये होतीच.

मग या कादंबरीतला शृंगार कसला? ज्यांना त्याच्यासाठी ती वाचायची असेल त्यांची निराशा होणार नाही, पण त्यांना अपेक्षित वाटेने तो येत नाही. पहिला प्रसंग एका दाताचा आहे. मॉडचा एक दात टोकदार आहे, तो तिच्या तोंडाला आतून कापतो. सू शिवणकामाचे अंगुस्तान बोटात चढवते, मॉडची मान हळूच मागे धरते आणि तो दात घासून गुळगुळीत करते. बस, एवढेच. पण कादंबरीतला सगळ्यात तप्त प्रसंग हाच आहे. दासीचे बोट मालकिणीच्या तोंडात आहे. काम चालू आहे आणि काम कुठे संपले, स्पर्श कुठे सुरू झाला, हे दोघींनाही कळत नाही. न्हाऊ घालणारा, वेणी घालणारा, पाय चेपणारा हात हा माणसाचा हात आहे याचा शोध तिथे लागतो. आपल्याकडे कामाचा स्पर्शसुद्धा मोजूनमापून घेतला जात असे. ज्या मांगीण सुईणीचा हात बाळंतिणीला चाले, तिचाच हात पाण्याच्या हंड्याला चालत नसे. म्हणून हा प्रसंग आपण इंग्रज वाचकापेक्षा अधिक खोल वाचू शकतो.

लग्नाआधीच्या एका रात्रीचा प्रसंग दोनदा येतो. पहिल्या भागात सू सांगते. मॉड तिला विचारते की नवऱ्याने काय करायचे असते, आणि सू ते दाखवायला जाते. सूजवळ शब्द नाहीत. अंधार, ऊब, थरकाप एवढेच आहे. दुसऱ्या भागात तीच रात्र मॉड सांगते. या मुलीने कामक्रीडेचे सर्व शब्द बालपणापासून मोठ्याने वाचलेले आहेत. त्या शब्दांनी तिच्यात आजवर काहीच जागे केलेले नव्हते. आता ते एकाएकी तिच्या स्वतःच्या शरीराचे होतात. हे वर्णन मोकळे आहे, उत्कट आहे, कुठेही ओशाळलेले नाही. पण त्याच वेळी दोघी एकमेकींना फसवत आहेत. प्रत्येकीला वाटते की आपणच शिकारी. पुन्हा वाचताना प्रत्येक स्पर्श दुहेरी होतो. रहस्य आणि शृंगार हे इथे दोन मसाले नाहीत, एकाच भाजीचे पाणी आहे.

या ठिकाणी दोन जुन्या कृती आठवतात. इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ ही उर्दू कथा १९४२ ची. तिच्यातही बेगम आहे आणि तिची मोलकरीण रब्बू आहे. लाहोरला त्या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला आणि इस्मत त्यातून सुटल्या. कथा धाडसी आहेच. पण आपण रजईची हालचाल एका लहान मुलीच्या डोळ्यांनी पाहतो. रब्बूला काय वाटते हे आपल्याला कळत नाही. ती काळी आहे, देवीच्या वणांची आहे, तिचे हात चपळ आहेत, एवढीच तिची ओळख. मराठीत विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम त्यांनी मराठी मध्यमवर्गापुढे आणले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण मित्राची गोष्ट बापू सांगतो, आणि मित्रा शेवटी जीव देते. वॉटर्सने दासीला अर्ध्याहून अधिक कादंबरी बोलू दिले आहे, आणि शेवटी दोघींनाही जिवंत ठेवले आहे. पुस्तके वाचणाऱ्या एखाद्या मुलीला, जी स्वतःविषयी अजून कोणाला काही सांगू शकलेली नाही, या जिवंत ठेवण्याचे मोल काय वाटेल याची कल्पना शिक्षकांनी करावी.

सू निरक्षर आहे. या एका गोष्टीवर रहस्याचा अर्धा भार आहे. इस्पितळात डॉक्टर तिला लिहायला लावतात, कारण त्यांच्या मते ही शिकलेली, पुस्तकांनी डोके फिरलेली बाई आहे. तिच्या हातून कुलीन बाईचे अक्षर उमटत नाही तेव्हा तेही वेडाचेच लक्षण ठरते. आपल्या जन्माचे रहस्य सांगणारे पत्र हाती येते, तेव्हाही ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. अविद्येने माणसाचे काय काय जाते याची जोतीरावांनी मांडलेली साखळी इथे लंडनच्या गल्लीत दिसते. (१८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. सातासमुद्रापलीकडे राज्य करणाऱ्या देशाच्या राजधानीत सू ट्रिंडर तेव्हा अक्षरशत्रू होती.) पण सूला सोडवते तेही तिचेच शिक्षण. मिस्टर इब्सजवळ शिकलेली कुलपांची विद्या कामी येते. नर्सच्या किल्लीचा ठसा घेऊन ती किल्ली घासून तयार करते आणि बाहेर पडते. उचल्याची बोटे इथे कलंक राहत नाहीत, हत्यार होतात.

लँट स्ट्रीटचे चित्रण लेखिकेने जिव्हाळ्याने केले आहे, पण गरिबांना देव केलेले नाही. मिसेस सक्सबी रडणाऱ्या तान्ह्यांना जिन पाजून गप्प करते, आणि सूला मायेने वाढवताना सतरा वर्षे तिच्या किमतीचाही हिशेब ठेवते. तीच बाई शेवटी खुनाचा आळ स्वतःवर घेऊन फासावर जाते. दलित साहित्यातल्या आईच्या पूजेला सरावलेल्या आपल्या लेखकांनी ही बाई जरूर पाहावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. सू येण्याआधी मॉडजवळ दुसरी एक दासी होती, अॅग्नेस नावाची. लहान चणीची, घाबरट मुलगी. मॉड तिला मारते, सुयांनी टोचते. मामाकडून झालेला छळ ती खाली वाहून देते. उतरंडीचे तत्त्व आणखी काय असते? मग सूला जागा रिकामी करून हवी म्हणून जंटलमन रात्री अॅग्नेसच्या खोलीत शिरतो. शेजारच्या खोलीत मॉड ऐकत असते आणि हलत नाही. अॅग्नेस आजारी म्हणून घरी जाते आणि कादंबरीतूनही जाते. पुन्हा तिचे नाव कोणी फारसे काढत नाही. सूवर जे प्रेम झाले ते दासीवर झाले असे आपण समजतो, पण लेखिकेच्या हिशेबात सू जन्माने दासी नव्हतीच. जी खरोखर दासी होती, जिच्या मागे कोणते पत्र नव्हते, कोणती मालमत्ता नव्हती, तिच्या वाट्याला सुया आल्या. रक्ताचे खोटेपण एवढ्या ताकदीने दाखवणारी लेखिका इथे हात आखडता घेते असे मला वाटते. वॉटर्सने हे जाणूनबुजून केले, मॉडचे पाप वाचकाच्या डोळ्यांपुढे ठेवले, असा बचाव करता येईल. तो मला निम्माच पटतो. पाप दाखवले, पण जिच्यावर झाले तिला बोलू दिले नाही.

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनी २०१६ साली ‘द हँडमेडन’ या नावाने या कादंबरीवर चित्रपट केला आणि कथा जपानी अमलाखालच्या कोरियात नेली. त्यांनी मुलींची अदलाबदल काढूनच टाकली. तिथे दासी ही शेवटपर्यंत चोराचीच मुलगी राहते आणि मालकीण तिच्याबरोबर तशीच पळून जाते. कादंबरीत मामाची पुस्तके मॉड एकटी वस्तऱ्याने फाडते. चित्रपटात दासी पुढे होऊन त्या ग्रंथालयाचा नाश करते. चित्रपटाचा कॅमेरा बायकांच्या शरीराकडे जरा जास्तच रसिकतेने पाहतो, आणि अदलाबदल गेल्याने रक्ताच्या थोतांडावरचा प्रहारही गेला. तरी माझे माप या एका बाबतीत चित्रपटाच्या पारड्यात पडते.

कादंबरीच्या शेवटी सू ब्रायरला परत येते. मामा मेलेला आहे. ओसाड ग्रंथालयात मॉड एकटी लिहीत बसली आहे. हातमोजे नाहीत, बोटांना शाई लागली आहे. ती तशीच पुस्तके लिहून पोट भरते आहे, आता स्वतःच्या शब्दांत. सूला वाचता येत नाही, म्हणून मॉड कागद घेऊन तिच्याजवळ बसते आणि एकेक शब्द दाखवते. पितळी बोटाच्या रेषेपलीकडे, त्याच जमिनीवर.

ज्या गावातल्या अभ्यासवर्गाला इंग्रजी वाचणारी दोन-चार पोरे मिळतील तिथे ही कादंबरी जरूर घ्यावी. मुलींना आणि मुलांना एकत्र बसवून घ्यावी. आणि दुसऱ्या भागातली अॅग्नेसची पाने कोणी घाईने उलटू लागले, तर त्याला तिथे थांबवून ती मोठ्याने वाचायला लावावीत.